पाणी शिरले

अर्ज मास्तरने लिहिला, कारण घरात अक्षर त्याचं चांगलं होतं. तो कधीच मास्तर नव्हता. शाळेत सव्वीस वर्षं घंटा वाजवून तो निवृत्त झाला होता. पण घंटा झाल्याशिवाय खरे मास्तरसुद्धा वर्गातून हलत नाहीत, हे पाहून गावाने त्याला ती पदवी देऊन टाकली होती. शाळेच्या फळ्यावर रोजची तारीख तोच लिहायचा, त्यामुळे अक्षर वळणदार झालं होतं. तारखेपलीकडे मजकूर लिहायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती. ती या अर्जाने आली.

झालं होतं असं. मंगळवारी दुपारी वाऱ्याने त्याच्या थोरल्या भावाच्या, गादीवाल्याच्या, घरावरचे नऊ पत्रे उचलले. सात शेतात सापडले. एक चक्कीच्या भिंतीला टेकून पाहुण्यासारखा उभा होता. नववा अजून सापडायचा आहे. पत्र्यांमागोमाग अवेळी पाऊस आला आणि पाऊण तास सरळ घरात पडत राहिला. कपाट भिजलं, कपड्यांची पेटी भिजली, धान्याचे डबे भिजले. आणि पुढच्या खोलीत, गावाने पिंजायला दिलेल्या दहा गाद्यांची चळत भिजली.

मास्तरने बुधवारी सकाळी ओट्यावर बसून विमा कंपनीला लिहिलं, "वादळात आमच्या घरात पाणी शिरले. तरी नुकसान भरपाई मिळावी." वर पॉलिसीचा नंबर, खाली सही, त्याखाली तारीख. तारीख फारच सुंदर आली होती.

"एवढंच?" त्याच्या वहिनीने विचारलं. ती अंगणात ओली गादी उसवत होती.

"वहिनी, सरकारी असो की खासगी, कागद थोडक्यात असावा. लांबण लावली की त्यांना संशय येतो."

"गाद्यांचं लिहिलंत का?"

मास्तर जरा जवळ सरकला. "तेच विचारणार होतो. अकरा गाद्या आपल्याच म्हणून लिहू का?"

"आपली एक आहे. दहा लोकांच्या आहेत."

"त्यांना काय कळतंय कुणाची कोणती?"

"तीन माणसांच्या घरात अकरा गाद्या?"

"पाहुणे येतात म्हणावं."

"आपल्या घरी पाहुणे येतात, भाऊजी?"

मास्तरने आठवून पाहिलं आणि तो विषय सोडून दिला. वहिनी दातांनी दोरा तोडत म्हणाली, "एक ओळ खोटी निघाली की खऱ्या ओळीपण जातात. पत्रे गेले ते लिहा, कपाट भिजलं ते लिहा. लोकांच्या गाद्या आपण सुकवू." मास्तरने मान डोलावली आणि अर्ज होता तसाच पाठवला.

गादीवाला यात बोलला नाही. बोलायला त्याला फुरसत नव्हती आणि श्वासही नव्हता. तीस वर्षं कापूस पिंजून त्याच्या भुवया कायमच्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि खोकल्याला एक ठरावीक ताल आला होता. ओली गादी ही वाईट वस्तू आहे. कोरडी असते तेव्हा बाई काखेत मारून नेते. भिजली की ती आडव्या पडलेल्या जड माणसासारखी होते. धरायला कुठे जागाच सापडत नाही. दोघं नवरा-बायको दोन टोकांना धरून एकेक गादी उंबरठ्यावरून ओढत अंगणात आणत होते. त्याच्या कमरेत कळ यायची, तेव्हा तो थांबून आभाळाकडे बघायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हवामानाचा अंदाज घेतोय.

घरात ताडपत्री एकच होती. ती छपराच्या भोकावर घालायची की कापूस पसरायला अंगणात, यावर पहिल्या दिवशी थोडी बाचाबाची झाली. बायकोने ताडपत्री शिडीवरून स्वतः वर नेली आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. "अजून भिजायला आता काय उरलंय?" गादीवाला खालून म्हणाला. "भिंती उरल्यात," ती वरून म्हणाली. मग कापूस चादरींवर पसरला. चादरी संपल्यावर तिचं जुनं पांघरूण, मास्तरचं पांघरूण आणि शेवटी खिडकीचा पडदाही निघाला.

पहिली गादी उसवली तेव्हा आतून वाफ आली. ओला कापूस आत गरम होतो आणि त्याला आंबल्यासारखा वास सुटतो. तो गोळे-गोळे होऊन बाहेर येतो. मग एकेक गोळा बोटांनी सोडवायचा, पसरायचा, तासाने उलटा करायचा, पुन्हा सोडवायचा. बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली झाली. नखांत तंतू अडकून दुखायला लागले. ऊन दोन तास यायचं आणि ढगाआड जायचं. मग सगळं गोळा करून आत न्यायचं. दिवसाला एक, फार तर दोन गाद्या. रविवारपर्यंत चळतीतल्या वरच्या सात झाल्या.

रविवारी संध्याकाळी चक्कीवाला आला. भिंतीला टेकलेला पत्रा त्याने परत आणून दिला होता, त्यामुळे आपला थोडा हक्क आहे असं त्याला वाटत होतं.

"माझी गादी?"

"आठवी आहे. उद्या घेतो," गादीवाला म्हणाला.

"वाऱ्याने नऊ पत्रे एका झटक्यात काढले, तुमच्याकडून एक गादी निघेना. चार दिवस जमिनीवर झोपतोय. बायको म्हणते अर्धी पाठ पीठ दळून गेली, उरलेली आता अशी झोपून जाईल."

"आम्ही सहा वर्षं चटईवर झोपतोय," बायको म्हणाली.

हे खरं होतं. घरची स्वतःची गादी सहा वर्षांपूर्वी पिंजायला काढली होती. गिऱ्हाइकांची आधी, मग आपली, असं ठरलं. ती चळतीत सगळ्यांत खाली गेली आणि दर हंगामात तिच्यावर नव्या गाद्या चढत राहिल्या. गादीवाल्याच्या घरातली माणसं चटईवर झोपत आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

सोमवारी विमा कंपनीचं पत्र आलं. मास्तरने ते मोठ्याने वाचलं. "आपल्या अर्जानुसार घरात पाणी शिरून नुकसान झाले आहे. पाणी शिरणे हे पूर या सदरात मोडते. आपल्या पॉलिसीत पुराचे संरक्षण घेतलेले नसल्याने दावा विचारात घेता येत नाही. कळावे."

अंगणात चिमण्या कापूस उचलून नेत होत्या.

"पूर?" गादीवाला म्हणाला. "ओढा इथून अर्ध्या कोसावर आहे. आणि आपण चढावर."

"म्हणूनच तर एजंटने पूर काढून टाकला होता," मास्तर म्हणाला. "तुम्ही चढावर, पुराचे पैसे कशाला वाया घालवता, असं म्हणाला." तो एजंट सहा वर्षांपूर्वी स्वतःची गादी पिंजायला घेऊन आला होता आणि जाताना दहा वर्षांची पॉलिसी देऊन गेला होता. गादी चांगली झाली होती. सल्लाही वाईट नव्हता.

"भाऊजी, तुम्ही 'शिरले' का लिहिलंत?"

"मग काय लिहू? घरात पाणी शिरलं असंच म्हणतात ना सगळे? तुम्ही तरी काय म्हणालात त्या दिवशी? ओरडलात ना, घरात पाणी शिरलं म्हणून?"

ती ओरडली होती. सगळं गाव तसंच ओरडतं. नळ फुटला, मोरी तुंबली, छप्पर गळलं, काहीही झालं तरी पाणी शिरतंच. बोलण्यात हा शब्द इतकी वर्षं निमूट काम करत होता. त्याच्या पोटात पूर आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

"पत्रे नाही आले तर पावसाळ्यात कापूस कुठे ठेवायचा?" गादीवाला म्हणाला. त्याने ते शांतपणे विचारलं, म्हणून जास्त लागलं. पत्रे नाहीत तर कापूस नाही, कापूस नाही तर धंदा नाही. शहरात एक चुलतभाऊ होता. स्पंजाच्या गाद्यांच्या दुकानात 'माणूस लागतो' म्हणून तो दोन वर्षं सांगत होता. ते नाव कुणी काढलं नाही, पण तिघांच्याही डोक्यात ते येऊन बसलं.

गादीवाला उठला आणि आठवी गादी ओढायला लागला.

"थांबा," बायको म्हणाली.

"चक्कीवाला ओरडतोय."

"ओरडू दे. अहो, पहिली गादी कशी होती?"

"कशी म्हणजे? पिळली तर बादली भरेल अशी."

"आणि चौथी?"

"अर्धी ओली."

"आणि काल सातवी?"

गादीवाल्याने हात गादीवरच ठेवला. कापसाच्या बाबतीत त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. "कडेला दमट होती," तो म्हणाला. "मध्ये कोरडी."

"पाणी खालून शिरलं असतं तर?"

"तर खालची आधी गेली असती." तो चळतीजवळ उकिडवा बसला. चळत फळ्यांवर होती आणि फळ्या विटांवर. विटांवर पाण्याची रेघ दिसत होती, जेमतेम अर्ध्या विटेपर्यंत. वरून पडलेलं पाणी जमिनीवर साचलं होतं आणि दारातून निघून गेलं होतं. "म्हणजे या चार..."

"हात लावू नका. आत्ता उघडल्या तर नुसत्या गाद्या. कंपनीच्या माणसासमोर उघडल्या तर साक्षीदार."

"आत ऊब धरली तर कापूस काळा पडेल. लोकांचा माल आहे."

"वरच्या तिन्हींत हात घालून रोज बघा. ऊब लागली तर उघडा. पण आपली उघडू नका."

"का?"

"पॉलिसी तिच्यात आहे."

मास्तरने पत्र खाली ठेवलं. "वहिनी, पॉलिसी गादीत?"

"कपाटाला कुलूप असतं म्हणून चोर कपाटच फोडतो. गादी कोण उसवतोय? आणि ही तर चळतीखाली. मीच टाके घातलेत."

"अर्जात नंबर कुठून घातला मग मी?"

"पावतीवरून. कपाटातल्या."

मंगळवारी सकाळच्या बसने ती मास्तरला घेऊन शहरात गेली. कचेरीत पंखे होते, नंबरची चिठ्ठी होती आणि बसायला स्पंजाची बाकं होती. बसताना तिने बाक दाबून पाहिलं आणि नाक मुरडलं. दीड तासाने नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हीच लिहिलंय हो, पाणी शिरले म्हणून."

"लिहिलंय," वहिनी म्हणाली. "पण ते वरून आलं."

"मग पडलं म्हणा, गळलं म्हणा. शिरलं कशाला म्हणता? शिरणं म्हणजे बाहेरून आत, जमिनीवरून."

"बाई, चोर पत्रा उचकटून वरून आला तर तुम्ही काय म्हणता? घरात चोर पडला?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी बहुधा मनातल्या मनात तो चोर आत घेऊन पाहिला आणि तो शिरलाच. "ते चोराचं वेगळं कलम आहे," त्या म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. "हे बघा ताई, मला शब्द बदलता येत नाही. पाहणी मागता येते. कुणाला पाहणीला पाठवलंच नव्हतं का तुमच्याकडे?"

"पत्र आलं तेवढंच."

"हं." त्यांनी एक फॉर्म सरकवला. "फेरविचाराचा अर्ज करा. छप्पर आधी उडालं, मग पाऊस आला, असं क्रमाने लिहा. पत्रे ठेवलेत ना? टाकू नका. मूळ पॉलिसी तयार ठेवा. आणि उघड्यावर आणखी भिजू देऊ नका काही, नाहीतर म्हणतील तुम्हीच नुकसान वाढवलं."

"ताडपत्री घातलीय पहिल्या दिवशीच."

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि मग आपण कचेरीत आहोत हे आठवून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

मास्तरने पेनाचं टोपण काढलं. वहिनीने फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला. तिचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. तिने बाकावर बसून, ओठ हलवत, एकेक शब्द तपासून लिहिलं. जो शब्द लिहायची तो आधी मास्तरला विचारायची, "याचा दुसरा काही अर्थ होतो का?" सात ओळींना तासभर लागला. तारीख मात्र तिने त्याला घालू दिली.

पुढचे तीन दिवस गादीवाला रोज सकाळ-संध्याकाळ खालच्या गाद्यांत कोपरापर्यंत हात घालून बसायचा, वैद्याने नाडी बघावी तसा. चक्कीवाला रोज यायचा. "माझी गादी साक्षीला बसलीय म्हणे! मला तर कोर्टाने कधी बोलावलं नाही," असं तो गावभर सांगायचा, आणि तरी रोज तिची तब्येत विचारून जायचा. कापसाने भरलेल्या सात गाद्या पुन्हा शिवून घरोघर गेल्या. लांब सुईने गादीवाल्याच्या अंगठ्याच्या पेरात भोक पडलं. बायकोने चिंधी बांधली आणि सुई स्वतः घेतली.

शुक्रवारी पाहणी करणारे साहेब आले. तरुण, घामाघूम, बुटांना चिखल. त्यांनी छपराचे फोटो काढले, शेतातून आणलेल्या पत्र्यांचे काढले, वाकलेल्या खिळ्यांचे काढले. कपाट उघडून पाहिलं, पेटी पाहिली. मग चौकटीत खुणा करायला लागले.

"ही पिंजण?" भिंतीला तडकलेली पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्यासारखं अवजार, टेकवून ठेवली होती. गादीवाल्याच्या वडिलांच्या हातची.

"धनुकली तुटली हो तिची. वासा पडला वरून."

"धंद्याचं अवजार आहे. पॉलिसी घर आणि घरगुती सामानाची आहे. ही नाही बसत."

गादीवाल्याने मान हलवली. त्याला हे पटलं नव्हतं. अवजार घरातच होतं आणि घरगुती वाशानेच तुटलं होतं.

"आणि पत्रे अकरा वर्षं जुने. जुन्याची किंमत जुन्यासारखी धरावी लागते."

"वाऱ्याने काही जुने म्हणून अर्धेच उचलले नाहीत, साहेब," मास्तर म्हणाला.

साहेब हसले, पण लिहिलं तेच. मग चळतीकडे वळले. "या गाद्या? यादीत नाहीत या."

"नाहीत," वहिनी म्हणाली. "तीन लोकांच्या आहेत. त्यांचे पैसे मागायचे नाहीत. त्या साक्षीला आहेत. चौथी खालची आमची."

तिने काय म्हणायचंय ते सांगितलं: वरच्या सात कशा होत्या, एकेक करून कोरडेपणा कसा वाढत गेला. साहेबांनी विटांवरची रेघ मोजली. "पण रेघ आहे ना. पाणी जमिनीवर होतं."

"होतं. अर्ध्या विटेला लागलं. विटेची भरपाई आम्ही मागितलेली नाही."

साहेबांनी पट्टी गुंडाळली. "उघडा," ते म्हणाले.

चक्कीवाल्याची गादी आधी उघडली. तो दारात उभाच होता. कडेला बोटभर दमट, बाकी कोरडी. "माझी!" तो म्हणाला, मुलगा पास झाल्यासारखा. नववी कोरडी. दहावी कोरडी. मग खालची, सहा वर्षांत कुणी न उचललेली, दगडासारखी घट्ट बसलेली. गादीवाल्याने ती अंगणात ओढली. बायको कात्री घेऊन बसली, आणि तिचा हात पहिल्यांदाच थांबला. कागद भिजला असेल तर मूळ पॉलिसीही नाही आणि साक्षही नाही. सगळं एकाच टाक्याच्या आत होतं.

"मी उसवू का?" गादीवाला म्हणाला.

"टाके माझे आहेत," ती म्हणाली आणि कात्री घातली.

धूळ उडाली. जुन्या, चपट्या झालेल्या कापसाचा कोरडा वास आला. साहेबांना तीन शिंका आल्या. तिने कोपरापर्यंत हात घातला, चाचपडली, आणखी आत घातला. मग पिशवी बाहेर आली, आणि पिशवीतून कागद. करकरीत. घडी उलगडताना त्याचा आवाज झाला, तो दारातल्या चक्कीवाल्यालाही ऐकू गेला.

साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, बोटाने कोपरा चोळला. मग ओट्यावर बसले आणि वाचायला लागले. त्यांनी स्वतःच पान उलटून कलम शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "वादळामुळे छप्पर वा भिंतीस भोक पडून त्यावाटे आलेल्या पावसाच्या पाण्याने घराचे व घरगुती सामानाचे झालेले नुकसान..." ते थांबले. "यात 'शिरणे' हा शब्दच नाही."

"नाही ना?" मास्तर म्हणाला. त्याला फार मोठी चूक माफ झाल्यासारखं वाटलं.

साहेबांनी अहवालाचा कागद गुडघ्यावर घेतला. "पाणी..." असं लिहिलं आणि पेन थांबवून वहिनीकडे पाहिलं.

"छप्पर उडाल्यावर वरून पडले," ती म्हणाली. "आणि साहेब, 'उडाल्यावर' आधी लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. तिने कागद मागून घेतला, बोट ठेवत दोनदा वाचला, मगच परत दिला.

पैसे दीड महिन्याने आले. पत्र्यांचे जुन्या दराने, कपाटाचे थोडे, पेटीचे त्याहून थोडे. तेवढ्यात नऊ नवे पत्रे बसले नसते. सात नवे आले आणि दोन जुने ठोकून सरळ करून मागच्या बाजूला लागले. पिंजणीचं काही आलं नाही. गादीवाल्याने चार दिवस लाकूड तासून नवी धनुकली केली. तिचा आवाज वडिलांच्या पिंजणीपेक्षा थोडा चढा लागायचा, आणि तो रोज एकदा थांबून ऐकायचा.

पावसाळा आला तेव्हा कापूस छपराखाली होता. पहिल्या दिवशी त्याने कुणाचंही काम न घेता घरची गादी पिंजली. बायकोने टाके घातले, आणि शेवटचे चार टाके घालण्याआधी पॉलिसी पुन्हा आत सरकवली. आता तिच्यात पुराचं कलमही होतं. एजंटने विचारलं होतं, चढावर राहून पूर कशाला? तर ती म्हणाली होती, "ओढ्याचं मला काही वाटत नाही. भाऊजींची भीती वाटते."

चक्कीवाल्याने आपली गादी नेली होती, पण तिची उशी राहिली होती, ती न्यायला तो आला. शहरातला एक पाहुणा त्याच्यासोबत होता. नवे पत्रे बघून पाहुण्याने ओळख काढायला म्हणून विचारलं, "तुमच्याकडे मध्ये पाणी शिरलं होतं ना?"

"पडलं!" गादीवाला, त्याची बायको, मास्तर आणि चक्कीवाला, चौघं एकदम ओरडले.

पाहुणा दचकून दोन पावलं मागे सरकला. मग मास्तरने त्याला बसायला घरची नवी पिंजलेली गादी दिली.